घरात मांजर-कुत्रा आहे आणि घरातच कुणाला तरी ॲलर्जी आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजरांना आणि कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम करते, त्यामुळे "मुलाला ॲलर्जी निघालीय, पिल्लू परत घेता का" असे फोन सतत येतात आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण माझ्या मुलीला मांजराची ॲलर्जी आहे आणि घरात बोका आहे, आणि तिच्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरात करून बघून जे पक्कं कळलंय तेवढंच इथे आहे. माझं मत आधीच सांगते, प्राण्याला लगेच घराबाहेर काढायची वेळ बहुतेक घरांवर येत नाही, पण "होईल सवय हळूहळू" म्हणून मुलाची घरघर अंगावर काढणं मला अजिबात पटत नाही. मधे बरंच काही करता येतं. कंटाळवाणं आहे, रोजचं आहे, पण फरक पडतो.

ॲलर्जी केसांचीच असते ना?

नाही. ॲलर्जी असते प्राण्याच्या अंगात तयार होणाऱ्या प्रोटीनची. मांजरातलं मुख्य प्रोटीन म्हणजे फेल डी १, ते कातडीतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत तयार होतं, आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं त्यामुळे ते अंगभर लागतं, वाळतं आणि कोंड्याबरोबर घरभर उडतं. मांजराची ॲलर्जी असलेल्या १० जणांपैकी ९ हून जास्त जणांना याच एका प्रोटीनचा त्रास असतो. कुत्र्यात अशी प्रोटीन्स बरीच आहेत, त्यातलं कॅन एफ १ मुख्य. यातले काही कण ५ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, म्हणजे डोळ्याला दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत राहतात, कपड्यांना चिकटून शाळेत, ऑफिसात, रिक्षात जातात. म्हणून ज्या घरात कधी मांजर आलंच नाही तिथेही हे प्रोटीन सापडतं.

आणि "मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो" हे आजी-आत्या इतक्या ठामपणे सांगतात की सूनबाई गप्प बसते, पण ते खरं नाही हो. दमा वाढतो तो श्वासातून आत गेलेल्या प्रोटीनमुळे, पोटात गेलेल्या केसामुळे नाही.

इतकी वर्षं काही नव्हतं, आता अचानक कशी सुरू झाली?

होते अशी, अगदी तिशी-चाळिशीतही सुरू होते. आणखी एक बघितलंय, मुलं हॉस्टेलला जातात, तिथे ठणठणीत असतात, दिवाळीला घरी आली की पहिल्याच रात्री शिंका आणि डोळे लाल. ज्या मांजराबरोबर लहानाची मोठी झाली त्याच मांजराचा त्रास व्हायला लागतो, कारण रोजचा संपर्क होता तेव्हा शरीराने थोडंफार जुळवून घेतलेलं असतं आणि काही महिने लांब राहिलं की ते कमी होऊ शकतं. त्यात दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची धूळ, फटाक्यांचा धूर हे सगळं एकाच आठवड्यात.

मांजराचीच ॲलर्जी आहे हे कशावरून ठरवायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच लोक विचारत नाहीत. घरात प्राणी असला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत हवा दमट, गादीत आणि उशीत डस्ट माइट म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे भरपूर, भिंतीला ओल येऊन बुरशी, स्वयंपाकघरात झुरळं, आणि या तिन्हींची ॲलर्जी आपल्याकडे खूप कॉमन आहे. बऱ्याच जणांना मांजराबरोबर माइटचीही असते. मग मांजर देऊन टाकलं तरी शिंका चालूच राहतात आणि मांजर बिचारं उगाच गेलेलं असतं.

टेस्ट दोन आहेत. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर थेंब टाकून बारीक टोचतात आणि १५-२० मिनिटांत फुगवटा येतो का ते बघतात, किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई, म्हणजे त्या-त्या गोष्टीविरुद्ध शरीराने तयार केलेली ॲलर्जीची अँटिबॉडी, तपासतात. स्किन टेस्टच्या आधी काही दिवस सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर रिझल्ट चुकतो, किती दिवस ते डॉक्टर सांगतील, स्वतःच्या मनाने दम्याचं कुठलंही औषध बंद करू नका. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे झालं असंही नाही, त्रास कधी होतो, कुठे होतो, हे टेस्टशी जुळायला हवं. महिनाभर एका वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. "आठवडाभर मांजर मावशीकडे पाठवून बघितलं, काही फरक पडला नाही, म्हणजे ॲलर्जी मांजराची नाही" हा हिशोब चुकीचा आहे. मांजर गेलं तरी फेल डी १ घरातून जायला ४ ते ६ महिने लागतात. तपासायचंच असेल तर उलट करा, ज्याला त्रास आहे त्याने काही दिवस प्राणी नसलेल्या घरात राहून बघावं, आणि तिथे नेहमीची मांजराचे केस लागलेली चादर किंवा स्वेटर बरोबर नेऊ नये.

ॲलर्जी होत नाही अशी जात असते का? ब्रीडर तर सांगतात.

नसते. पूडल, लॅब्राडूडल, शिह त्झू यांना हायपोॲलर्जेनिक म्हणून विकतात, पण अशा जातींची आणि इतर कुत्र्यांची घरं तपासली तेव्हा धुळीतल्या कॅन एफ १ मध्ये फरक सापडला नाही. केस नसलेलं स्फिंक्स मांजर असतं ना, त्याच्याही लाळेत आणि कातडीत फेल डी १ असतंच. यासाठी चाळीस-पन्नास हजार घालवू नका. एकाच जातीतल्या दोन प्राण्यांमध्ये मात्र खूप फरक असू शकतो, म्हणून नवीन प्राणी आणायच्या आधी ज्याला ॲलर्जी आहे त्याने त्याच प्राण्याबरोबर दोन-तीनदा जाऊन चांगला वेळ घालवावा. आम्ही ॲडॉप्शनला हे आग्रहाने करायला लावतो.

दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. न्यूटर (नसबंदी) न केलेला बोका फेल डी १ जास्त तयार करतो आणि ऑपरेशननंतर ते कमी होतं. आणि कुत्र्यातलं कॅन एफ ५ नावाचं प्रोटीन फक्त नराच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं, काहींना फक्त त्याचीच ॲलर्जी असते, अशांना मादी कुत्रीचा त्रास होत नाही. रक्ताच्या तपासणीत हे वेगळं बघता येतं, ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात कुठून करू?

बेडरूमपासून, आणि ज्याला त्रास आहे त्याच्याच बेडरूमपासून. माणूस सात-आठ तास एकाच जागी नाक गादीला लावून झोपतो, तेवढी जागा सांभाळली तरी बराच भार कमी होतो. प्राण्याला त्या खोलीत बंदी, दिवसाही, "फक्त दुपारी झोपतो तिथे" असंही नाही. पहिले काही दिवस दाराबाहेर बसून रडतो, नखाने दार खरवडतो, त्याला बाहेर हॉलमध्ये उंचावर एखादी मऊ जागा करून द्या, आमचा बोका टीव्हीच्या बाजूच्या कपाटावर रुळला एकदाचा.

वन-बीएचके मध्ये हे अवघड आहे हे मला माहितीय. तिथे निदान पलंग तरी प्राण्यासाठी बंद, आणि अंथरूण दिवसभर जाड चादरीने झाकून ठेवायचं, रात्री ती चादर हळूच गुंडाळून बाहेर काढायची, झटकायची नाही.

गादी-उशीला चेनवाली पूर्ण बंद कव्हरं मिळतात, ॲलर्जन-प्रूफ किंवा माइट-प्रूफ म्हणून, ती घ्या. कापसाची गादी उन्हात टाकल्याने ओल कमी होते, माइटना ते मानवत नाही, पण मांजराचं प्रोटीन उन्हाने मरत नाही कारण ते जिवंतच नसतं, ते गादीत तसंच राहतं, म्हणून कव्हरच हवं. चादरी, अभ्रे दर आठवड्याला धुवा. मांजराचं प्रोटीन साध्या पाण्यात साबणाने बऱ्यापैकी निघतं, माइटसाठी मात्र ६० डिग्रीचं गरम पाणी लागतं, तेव्हा मशीनला ती सेटिंग असेल तर वापरा. गोधडी, रजई, जाड पडदे, गालिचा हे बेडरूममधून काढाच. आपल्याकडे लादीची फरशी असते हे आपलं नशीब, वॉल-टू-वॉल कार्पेटमध्ये लादीपेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारं प्रोटीन, साठतं. परदेशात राहणाऱ्यांनी नवीन घर घेताना हे नक्की बघा.

रोज झाडू मारतो, फरशी पुसतो, तरी त्रास का?

कारण कोरडा झाडू बसलेलं सगळं परत हवेत उडवतो. त्याऐवजी ओल्या फडक्याने किंवा मॉपने पुसा, आधी झाडायचं असेल तर व्हॅक्युम वापरा, पण हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कणही अडवणारा) आणि सील्ड, म्हणजे कुठूनही हवा न गळणारा, साध्या व्हॅक्युममध्ये पुढून केस आत जातात आणि मागून बारीक कण खोलीत परत येतात. कामाच्या ताईंना समजावून सांगा, एकदा कारण कळलं की त्या नीट करतात. ज्याला ॲलर्जी आहे त्याने सफाई करू नये, त्या वेळी खोलीतही थांबू नये, करावीच लागली तर एन-९५ मास्क लावून.

पंखा विसरू नका. आपल्या घरात पंखा वर्षभर फिरतो आणि पात्यांच्या वरच्या बाजूला कुणी बघत नाही. घरात मांजर असलं की तिथे राखाडी नमद्यासारखा थर जमतो, बारीक केस, कोंडा, धूळ सगळं तेलकट होऊन चिकटलेलं. कोरड्या फडक्याने पुसलं की त्याचे गोळे थेट पलंगावर पडतात. जुना अभ्रा थोडा ओला करायचा, पात्यावर पिशवीसारखा चढवायचा, दोन्ही बाजूंनी हाताने दाबून हळूहळू बाहेर ओढायचा, घाण अभ्र्याच्या आतच राहते, मग तो उलटा न करता बादलीत बुडवायचा. पंधरा दिवसांतून एकदा. पंख्याचा मेन बंद करून, आणि खाली पलंगावर वर्तमानपत्र घालून.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो, त्याच्या जाळीवर फक्त जाड धूळ अडते, तीही धुवायला हवी. दिवसातून दोन वेळा समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळू द्या, खिडकीला मांजरासाठी जाळी मात्र पक्की हवी.

सोफा कापडी असेल तर त्यावर धुता येणारं कव्हर, दर आठवड्याला धुवायचं. नवीन घेणार असाल तर रेक्झिन किंवा लाकडी दिवाण बरा.

एअर प्युरिफायर घ्यावा का?

पैसे असतील तर बेडरूमसाठी घ्या, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, मांजराचे कण हलके आणि तरंगणारे असल्याने त्यात बऱ्यापैकी सापडतात. पण गादीत, सोफ्यात बसलेलं तो ओढून काढू शकत नाही. घेताना सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती हवा साफ करतं तो आकडा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा साफ व्हायला हवी असेल तर तासाला १७० घनमीटरच्या वरचा सीएडीआर पाहिजे, आणि तो फुल स्पीडचा आकडा असतो, रात्री स्लो ठेवणार असाल तर त्याहून मोठा घ्या. ओझोन सोडणारं मशीन अजिबात नको, ओझोनने श्वासनलिका आणखी चिडते.

अंघोळ घातली, केस बारीक कापले तर?

कुत्र्याला अंघोळ घातल्याने ॲलर्जन कमी होतं पण काही दिवसांतच परत पहिल्यासारखं होतं, त्यामुळे फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा घालावी लागते, आणि एवढी अंघोळ सगळ्या कुत्र्यांच्या कातडीला झेपत नाही, व्हेटना विचारून शॅम्पू घ्या. मांजराचा फायदा तर आठवडाही टिकत नाही आणि मांजर आणि माणूस दोघांचे हाल होतात. मी मांजराला ओल्या फडक्याने पुसून घेते. विंचरायचं असेल तर बाल्कनीत, आणि ज्याला ॲलर्जी नाही त्याने. केस बारीक केल्याने केस कमी पडतात, प्रोटीन तेवढंच तयार होतं.

ॲलर्जी कमी करणारं मांजराचं खाणं मिळतं म्हणे?

हो, पुरिना कंपनीचं प्रो प्लॅन लाइव्हक्लिअर. त्यात अंड्यातून मिळवलेली अँटिबॉडी असते, मांजर खाताना ती लाळेतल्या फेल डी १ ला चिकटते आणि ते निष्क्रिय होतं. कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय फेल डी १ सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे साधारण निम्मं राहतंच. महाग आहे, जोडीला करून बघायला हरकत नाही, पण याच्या भरवशावर इनहेलर सोडणं धोक्याचं आहे.

खाण्यावरून आठवलं, प्राण्याची थाळी रात्रभर भरलेली ठेवू नका. त्यावर झुरळं येतात आणि झुरळांची ॲलर्जी दम्यासाठी वाईट.

लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा डबा) कुठे ठेवायचा?

बेडरूमपासून लांब, एक्झॉस्ट असलेल्या बाथरूममध्ये किंवा जाळी लावलेल्या ड्राय बाल्कनीत. धूळ उडणारी बेंटोनाइटची (एक प्रकारच्या मातीची) वाळू बदलून लाकडाच्या गोळ्यांची किंवा मक्याची बघा. साफ दुसऱ्याने करावा.

पावसाळ्यात एवढा का वाढतो त्रास?

खिडक्या बंद, चादरी वाळत नाहीत, प्राणी दिवसभर घरात, आणि ओलीने माइट आणि बुरशी दोन्ही वाढतात. जून ते सप्टेंबर बेडरूमची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम, मुंबईत ते एसीच्या ड्राय मोडशिवाय किंवा डीह्युमिडिफायरशिवाय होत नाही. ओली चादर खोलीत दोरीवर वाळवू नका. भिंतीची ओल घरमालकाच्या मागे लागून दुरुस्त करून घ्या.

अगरबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉइल यांचा धूर ॲलर्जी करत नाही, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला तो टोचतो. घरात दम्याचं कुणी असेल तर देवाला फूल आणि निरांजन पुरे, कॉइलऐवजी मच्छरदाणी.

इनहेलरची सवय लागते ना? मग नको म्हणतो आम्ही.

सवय लागत नाही. दम्यात रोजचा प्रिव्हेंटर इनहेलर आतली सूज कमी ठेवतो, औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून मात्रा गोळीपेक्षा खूपच कमी लागते. लोक काय म्हणतील म्हणून मुलाच्या दप्तरात इनहेलर न देणारे आईबाप मी पाहिलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लहान मुलांना स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून द्या, तंत्र डॉक्टरांकडून दोनदा दाखवून घ्या.

नुसतं नाक असेल तर नाकातला स्टेरॉइड स्प्रे रोज मारावा लागतो, पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात, दोन दिवसांत फेकून देऊ नका. जलनेतीने किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने बरं वाटतं, पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं नको. जुन्या पिढीतल्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन स्कूटर चालवू नका.

बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर दिसतायत, रिलिव्हर (त्रास झाल्यावर लगेच घ्यायचा इनहेलर) घेऊनही आराम नाही, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल.

ॲलर्जीची इंजेक्शनं घेऊन कायमचं बरं होतं का?

इम्युनोथेरपी म्हणतात त्याला, थोडं थोडं ॲलर्जन देऊन शरीराला सवय लावतात, ३ ते ५ वर्षांचा कोर्स असतो, काहींना चांगला गुण येतो, काहींना येत नाही. दमा कंट्रोलमध्ये नसेल तर देत नाहीत. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबवलं पाहिजे, थांबवत नसतील तर तिथे घेऊ नका.

बाळ येणार आहे, आता काढून टाकू का?

फक्त ॲलर्जीच्या भीतीने नको. लहानपणी प्राण्याजवळ वाढल्याने ॲलर्जी वाढते की कमी होते यावर अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत, त्यामुळे बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून कुत्रा आणणंही चूक आणि देऊन टाकणंही. टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा आणि पोटातल्या बाळाला धोक्याचा जंतू, त्याचा विषय वेगळा, गरोदरपणात लिटर दुसऱ्याने रोज साफ करावा आणि बाकी आपल्या गायनॅकना विचारावं. बाळाच्या पाळण्यात मात्र प्राणी कधीच नको.

डॉक्टर म्हणाले देऊन टाका. आता काय?

आधी विचारा, कशामुळे म्हणतायत. टेस्ट झालीय का, औषध नीट चालू होतं का, वरचं सगळं दोन-तीन महिने मन लावून केलं का. नुसतं नाक वाहत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घ्या. पण दमा आहे, रोज इनहेलर नीट घेऊनही रात्री जाग येते, ॲडमिट करावं लागलंय, तर मग प्राण्याला दुसरं घर शोधायचं. तो तुमचा पराभव नाही, मुलाचा श्वास आधी. अशा घरातून आम्ही मांजर परत घेतो तेव्हा कुणाला एका शब्दाने बोलत नाही.

पण घर शोधा. मासळी बाजारात, देवळापाशी किंवा लांबच्या सोसायटीत सोडून येऊ नका. "तिथे मासे मिळतात, जगेल" असं म्हणतात, पण घरात वाढलेलं मांजर तिथल्या बोक्यांसमोर आणि कुत्र्यांसमोर टिकत नाही, ते कुठेतरी गाडीखाली लपून उपाशी बसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राणी उपाशी-तहानलेला राहील असा सोडून देणं हा गुन्हा आहे. आधी नातेवाईक, मित्र, मग व्हेट, मग ॲडॉप्शनवाले. लस, न्यूटरिंगचे कागद, त्याचं नेहमीचं खाणं आणि बसायची चादर बरोबर द्या.

मांजर गेलं, किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या लोकांचं होतं. घर साफ कसं करायचं?

गादी-उशा बदलता आल्या तर बदला, पडदे धुवा, भिंती ओल्या फडक्याने पुसून घ्या कारण हे प्रोटीन भिंतीलाही चिकटतं, कपाटांची वरची बाजू, पंखे, एसीची जाळी, कापडी सोफा असेल तर तो घरातून काढलेला बरा. एवढं केलं की महिने कमी लागतात. नाहीतर चार-सहा महिने धरून चाला आणि तोवर औषध चालूच ठेवा.

आमच्याकडे प्राणीच नाही, पण ग्रिलमध्ये कबुतरं आहेत. तेही हेच का?

हे वेगळं आणि जास्त गंभीर असू शकतं. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, त्यात फुप्फुसाला सूज येते आणि वेळेत कळलं नाही तर ते कायमचं कडक होतं. शिंका नसतात, कोरडा खोकला, जिना चढताना दम, वजन उतरणं अशी लक्षणं असतात, आणि ॲलर्जीची गोळी त्यावर चालत नाही. विष्ठा कोरडी खरवडू नका, मास्क लावून आधी पाणी मारून भिजवा मग काढा, आणि नेट लावून घ्या. खोकला तीन-चार आठवड्यांवर गेला असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि खिडकीत कबुतरं आहेत हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.